आठवड्याला तीन तास: टेनिसचा सराव स्वतःपुरता कसा बसवावा

पस्तिशी-चाळिशीत टेनिस सुरू केलेल्यांची एक तक्रार कुठल्याही क्लबवर ऐकू येते. नॉकिंग करताना बॉल मस्त लागतो, मॅच सुरू झाली की हात आखडतो. मग कुणी म्हणतं टेम्परामेंट कमी पडतं, कुणी म्हणतं रॅकेट बदल. कारण बहुतेकदा साधं असतं. नॉकिंगमध्ये समोरचा बॉल तुमच्याकडे देतो, मॅचमध्ये तुमच्यापासून लांब मारतो. ज्याचा सराव केला ते मॅचमध्ये आलंच नाही, एवढाच घोटाळा.

फोरहँड कसा मारायचा हे इथे शिकवायचं नाही. ते कोच शिकवेल, आणि समोर उभं राहून शिकवेल तेच खरं. इथला प्रश्न वेगळा आहे. नोकरी, घर आणि ट्रॅफिक सांभाळून आठवड्याला तीनेक तास कोर्ट मिळणाऱ्या नवशिक्यानं ते तास कशावर घालवावेत? सगळ्यांना एकच वेळापत्रक चालत नाही. कुणाला सोबती मिळत नाही, कुणाच्या सोसायटीत कोर्ट एक आणि दावेदार बारा. म्हणून तयार वेळापत्रक देण्याऐवजी ते बसवायचं कसं, ते सांगते. कसोटी मात्र सगळ्यांना एकच लावायची. सराव किती छान वाटला याला महत्त्व देऊ नका. मॅचमध्ये गुण कुठे जातायत ते बघा.

तुम्ही कुठल्या खेळातून आलात?

पहिल्या दिवशी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण बॅचमध्ये तो फारसं कुणी विचारत नाही. सगळ्यांना एका रांगेत उभं करून तोच फोरहँड सुरू होतो. पण मोठ्या वयात शिकणाऱ्याचं शरीर कोरं नसतं.

क्रिकेट खेळलेल्यांना सर्व्हची निम्मी हालचाल आधीच येते. सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे थ्रो करताना खांदा, कोपर आणि मनगट ज्या क्रमानं सुटतात, सर्व्हमध्येही बराचसा तोच क्रम असतो. टप्प्याचा अंदाजही त्यांना चांगला असतो. त्यांची अडचण पायांत असते. बॅट्समनकडे बॉल येतो; टेनिसमध्ये बॉलकडे जावं लागतं. माजी क्रिकेटपटू बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेवर, खुंटा ठोकल्यासारखे उभे राहतात आणि हात लांबवून बॉल गाठू बघतात. शिवाय हातात फळी आली की ती जोरात फिरवायची हा संस्कार पक्का, त्यामुळे पहिले काही महिने अर्धे बॉल कुंपणावर आदळतात. अशांनी सरावाचा मोठा वाटा पायांना द्यावा. समोरचा बॉलला स्पर्श करणार त्या क्षणी दोन्ही पायांनी छोटी उडी घेऊन हलक्या गुडघ्यांवर उतरायचं. याला स्प्लिट स्टेप म्हणतात. पहिले दोन आठवडे एवढं एकच डोक्यात ठेवलं तरी फरक दिसतो.

बॅडमिंटनवाल्यांचं उलट. पाय चपळ, डोक्यावरच्या फटक्याचं अंग तयार. पण बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्या आत असते आणि टेनिसची पावणेतीनशेच्या आसपास. तिथे चालणारा मनगटाचा झटका इथे चालत नाही. बॉल वेडावाकडा जातो आणि काही महिन्यांत कोपर बोलू लागतं. शटलला टप्पा नसतो, म्हणून हे लोक बॉलच्या फार जवळ धावतात आणि तो उसळून छातीवर आला की अडकतात. यांनी मनगट घट्ट धरून खांद्यापासून हळू फटका मारायचा, आणि बॉल उसळून पुन्हा खाली कमरेपर्यंत येईस्तोवर थांबायचं. थांबणं त्यांना सगळ्यात जड जातं.

टेबल टेनिसवाल्यांना फिरकी समजते, ही मोठी जमेची बाजू. टॉपस्पिनसाठी बॉलला खालून वर घासायचं असतं हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त त्यांचं कोपर अंगाला चिकटलेलं असतं. बॉलपासून एक पाऊल लांब उभं राहायचा सराव त्यांना पुरतो.

आणि काहीच न खेळलेले? त्यांना मोडायच्या सवयी नसतात, हे काही वाईट नाही. पण फेकणं येत नसेल तर सर्व्ह अडते. आपल्याकडे चाळिशीतल्या कित्येक बायकांच्या हातात लहानपणी कुणी बॉल दिलाच नव्हता, आणि मग सर्व्ह येत नाही म्हणून त्यांना ‘ताकद नाही’ असं सांगितलं जातं. ताकदीचा संबंध नसतो. रोज जुना बॉल घेऊन सर्व्हिस लाइनवरून (नेट आणि बेसलाइनमधली आडवी रेषा) नेटपलीकडे वीस-पंचवीस वेळा फेकायचा, मग बेसलाइनवरून. महिनाभरानं त्याच हातात रॅकेट द्या.

सामानावर किती डोकं चालवावं

थोडंच. सुरुवातीला २६० ते २८५ ग्रॅम वजनाची, १०० ते १०५ चौरस इंच डोक्याची रॅकेट बहुतेकांना चालते. पकडीचा आकार २ किंवा ३; दुकानात धरून बघताना बोटांची टोकं आणि तळव्याचा फुगवटा यांत दुसऱ्या हाताचं एक बोट मावावं. स्ट्रिंग मऊ घ्या, टेन्शन पन्नास पाउंडांच्या आसपास. टीव्हीवरचे खेळाडू वापरतात ती पॉलिस्टर स्ट्रिंग कडक असते. ज्यांचा स्विंग वेगवान आहे त्यांना ती फिरकी देते, नवशिक्याला कोपराचं दुखणं देते. दुकानदार ती आग्रहानं पुढे करतो. नको म्हणा.

पैसे घालायचे तर बुटांवर घाला. धावण्याचे बूट पुढे जाण्यासाठी बनलेले, टाच उंच आणि मऊ. टेनिसमध्ये अर्ध्याहून जास्त हालचाल आडवी असते आणि त्या बुटांत घोटा मुरगळतो. मातीच्या कोर्टवर नागमोडी नक्षीचा तळ लागतो. काही क्लब साध्या तळाच्या बुटांना कोर्टवर येऊच देत नाहीत.

बॉलबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण इथे मोठी माणसं उगाच लाजतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघानं २००७ मध्ये नवशिक्यांसाठी संथ बॉलांची मोहीम सुरू केली. लाल बॉल नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत साधा पिवळा बॉल चालतच नाही. त्यामुळे ठिपक्याचा बॉल म्हणजे लहान मुलांचं प्रकरण असा समज झालाय. तसं काही नाही. ज्याचा फोरहँड अजून तीन वेळाही सलग आत पडत नाही, त्याला नारिंगी किंवा हिरव्या बॉलवर रॅली, म्हणजे बॉलची सलग देवाणघेवाण, करता येते, आणि रॅली झाली की शिकणं सुरू होतं. आठ-दहा आठवड्यांनी पिवळ्यावर या. कोण हसतंय ते बघत बसू नका.

उलट मेलेल्या पिवळ्या बॉलवर सराव करणं जास्त वाईट. डबा उघडला की आतला दाब हळूहळू जातो, टप्पा खाली येतो आणि तुम्ही वाकून, उशिरा मारायला शिकता. मग नव्या डब्याच्या बॉलवर मॅच खेळताना सगळं अंगावर येतं. नियमानुसार २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. कोर्टवर टेप घेऊन कुणी जात नाही, तेव्हा डोक्याच्या उंचीवरून सोडून बघा. कमरेपर्यंत आला तर ठीक. मांडीवरच थांबला तर तो सर्व्हच्या टोपलीत टाका, रॅलीला घेऊ नका.

पहिले दीड-दोन महिने: अर्ध्या कोर्टात राहा

पूर्ण कोर्ट २३.७७ मीटर लांब असतं. नेटपासून सर्व्हिस लाइन ६.४० मीटरवर. नवशिका पहिल्याच दिवशी बेसलाइनवर उभा राहतो, बॉल पलीकडे पोचवायला जोर लावतो, आणि जोर लावण्याची सवय पक्की होते. त्याऐवजी दोघांनी सर्व्हिस लाइनच्या आत उभं राहून हळू खेळायचं. याला मिनी टेनिस म्हणतात. आधी दहा बॉल सलग, मग वीस, आणि वीस सहज झाले की दोघांनी दोन-दोन पावलं मागे. बॉल तुटायला लागले की पुन्हा पुढे.

हे बालिश वाटतं. पण मोठ्या स्पर्धेत मॅच बघायला जाल तेव्हा मुख्य कोर्ट सोडून सरावाच्या कोर्टवर थोडा वेळ उभे राहा. बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा व्हायची, तेव्हा पुणेकरांना हे जवळून बघता यायचं. ती स्पर्धा आता नाही, पण राज्यात आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा होत असतात आणि तिथेही तेच दिसतं. रोज चार तास खेळणारे खेळाडू सरावाची सुरुवात सर्व्हिस लाइनवरूनच, अगदी हळू करतात.

मिनी टेनिस खेळताना तोंडानं बोला. बॉल जमिनीला लागला की ‘टप्पा’, रॅकेटला लागला की ‘फटका’. दोन्हीही मोठ्यानं, समोरच्याच्या बॉललासुद्धा. पाच मिनिटांत कळेल की तुमचा ‘फटका’ उच्चार प्रत्यक्ष फटक्यानंतर येतोय. याचा अर्थ नजर बॉलवरून आधीच उडालेली आहे. शब्द आणि आवाज एकत्र पडायला लागले की फटकाही वेळेवर येतो, कोपर, खांदा, गुडघा असल्या पाच सूचना डोक्यात न ठेवता. ज्यांना विचार करकरून हात अडतो अशांना हा उपाय विशेष लागू पडतो. ज्यांना उलट नेमकी सूचना लागते, त्यांनी एकच घ्यावी: बॉल पुढच्या पायाच्या पुढे लागला पाहिजे.

भिंत

जुन्या जिमखान्यांत भिंत असते. सोसायटीत पार्किंगची असते, आणि तिथे सेक्रेटरीही असतो. सकाळी सातच्या आत जाऊ नका. भिंतीवर जमिनीपासून ९१ सेंटिमीटरवर खडूची रेघ मारा, कारण मधोमध नेट तेवढं असतं. सहा-सात मीटरवर उभे राहा आणि दोन टप्पे पडू द्या. एका टप्प्यात घ्यायला गेलात तर बॉल इतक्या लवकर परत येतो की मागे स्विंग न्यायला वेळच राहत नाही, आणि हात आखडून ढकलण्याची सवय लागते.

भिंतीला मर्यादा आहेत. तुमचा बॉल पलीकडे किती खोल पडला असता हे ती सांगत नाही, आणि ती कधी चुकत नाही, त्यामुळे दमवते. वीस मिनिटं पुरे. व्हॉलीसाठी (टप्प्याआधीच मारायचा फटका) ती चांगली, बॅकहँड स्लाइससाठी (बॉल कापून मारायचा फटका) त्याहून चांगली.

आता मोजा

रॅली होऊ लागली आणि सर्व्ह कशीबशी आत पडू लागली की एक सेट खेळा, आणि कुणालातरी बाहेर बसवून चार रकान्यांत रेघा मारायला सांगा. गमावलेला प्रत्येक गुण यांपैकी एकात जातो: डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकल्या), रिटर्न (समोरच्याच्या सर्व्हला दिलेलं उत्तर) चुकला, रॅलीत आपणच चुकलो, समोरच्यानं खरोखर जिंकला. माणूस नसेल तर कुंपणाला फोन अडकवून नंतर बघा.

चौथा रकाना जवळजवळ नेहमीच सगळ्यात छोटा निघतो. नवशिक्यांच्या मॅच कुणी जिंकत नसतं, कुणीतरी कमी हरतं. आणि रॅलीतल्या चुका नेटमध्ये जातात की बाहेर, हेही लिहा. बहुतेकांच्या नेटमध्ये जातात. नेट मधोमध ०.९१४ मीटर उंच असतं, खांबांपाशी १.०७ मीटर. टीव्हीवर कॅमेरा वरून असल्यामुळे फटके नेटला घासून जातात असं वाटतं. प्रत्यक्षात बेसलाइनवरून मारणारे खेळाडू बॉल नेटच्या बराच वरून काढतात. तुम्हीही नेटवर हातभर उंचीचं दुसरं नेट आहे असं धरून चाला.

सराव या रेघांवरून ठरवायचा. दहा डबल फॉल्ट असताना बॅकहँड डाउन द लाइन, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ मारायचा बॅकहँड, सुधारत बसणाऱ्यांना मी रोज बघते. तो फटका लागला की फार मजा येते, हे मला मान्य आहे.

एकच फटका पन्नास वेळा, की मिसळून?

टोपलीतून कोच बॉल टाकतो, तुम्ही पन्नास फोरहँड मारता, शेवटचे वीस झक्कास जातात. घरी जाताना वाटतं, आज जमलं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. हे का होतं यावर १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी केलेला प्रयोग बराच गाजलेला आहे. योगायोग असा की त्यात लोकांच्या हातात टेनिसचा बॉलच होता. तो हातात धरून ठरावीक क्रमानं लाकडी अडथळे पटापट पाडायचे होते. एका गटानं एकेक क्रम घोटून घेतला, दुसऱ्या गटाला तीन क्रम उलटसुलट मिसळून दिले. सरावादरम्यान पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा मिसळून सराव केलेला गट सरस निघाला.

खऱ्या खेळांवर झालेल्या पुढच्या प्रयोगांत हा फरक इतका ठसठशीत येत नाही, आणि ज्याला फटक्याचा आकारच माहीत नाही त्याला मिसळून देणं म्हणजे गोंधळ. म्हणून मधला मार्ग घ्या. नवीन गोष्ट दहा-पंधरा वेळा सलग करा, हालचाल अंगाला कळली की लगेच मोडा: एक फोरहँड, एक बॅकहँड, एक लहान, म्हणजे नेटजवळ पडणारा, बॉल. सराव ओबडधोबड दिसेल. चुका वाढतील. तरी तो चालू ठेवा आणि दोन आठवड्यांनी रकाने तपासा.

मिसळण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे क्रॉसकोर्ट. कर्णरेषेत एकेरीचं कोर्ट २५ मीटरच्या थोडं वर जातं, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जवळजवळ दीड मीटर जास्त जागा, आणि बॉल नेटच्या सर्वांत खालच्या भागावरून जातो. नवशिक्याला याहून सुरक्षित फटका नाही. सोबत्याबरोबर फक्त तिरक्या अर्ध्या कोर्टात अकरा गुणांचा गेम खेळा, सर्व्हऐवजी हातानं बॉल सुरू करून. आधी फोरहँडच्या बाजूनं, मग बॅकहँडच्या. हरणाऱ्यानं बॉल गोळा करायचे.

सर्व्ह: एकट्यानं करायचं सगळ्यात मोठं काम

टेनिसमधला हा एकच फटका ज्यात समोरचा काही करू शकत नाही. सोबती लागत नाही, कोच लागत नाही, तीस जुने बॉल आणि रिकामं कोर्ट लागतं. दुपारी दोन वाजता कोर्ट रिकामं असतं. मार्च ते मे त्या वेळी जाऊ नका, बाकी जा. आणि तरीही लोक सगळ्यात कमी सराव याचाच करतात, कारण एकट्यानं कंटाळा येतो.

क्रम असा ठेवा. आधी फक्त टॉस. हात सरळ ठेवून, बॉल बोटांनी न फिरवता, खांद्यापासून वर उचलायचा. रॅकेट पुढच्या पायाच्या थोडं पुढे जमिनीवर ठेवा. न मारलेला बॉल तिच्यावर किंवा तिच्या आसपास पडला पाहिजे. हे घरी गच्चीत होतं, कोर्ट लागत नाही. टॉस बिघडला तर बॉल मारू नका, पकडा. नियमात याला पूर्ण मुभा आहे; रॅकेट न फिरवता टॉस सोडून दिला तर फॉल्ट होत नाही. संकोचानं वाईट टॉसवर सर्व्ह मारणारे नवशिके मी इतके बघितलेत की हे वाक्य ठळक अक्षरांत छापायला हवं.

मग पकड. फोरहँडच्या पकडीनं मारलेली सर्व्ह सुरुवातीला आत पडते, म्हणून ती सोडवत नाही. पण त्या पकडीनं फिरकी देता येत नाही आणि दुसरी सर्व्ह कायमची लुळी राहते. हातोडीनं खिळा ठोकताना दांडा जसा धरतो तशी पकड, म्हणजे कॉन्टिनेंटल, पहिल्या दिवसापासून घ्या. दोन-तीन आठवडे बॉल डावीकडे, उजवीकडे, फ्रेमला, शेजारच्या कोर्टवर जातील. सहन करा.

जागा सर्व्हिस लाइनपासून सुरू करा. तिथून दहातल्या सात बॉक्समध्ये पडू लागल्या की सर्व्हिस लाइन आणि बेसलाइनच्या मधोमध या, मग बेसलाइनवर. पहिल्याच दिवशी बेसलाइनवरून पूर्ण जोरात सुरुवात केली की शरीर जोर शिकतं, दिशा शिकत नाही.

आणि इथे मॅचचं सोंग आणा. वीस बॉल एकापाठोपाठ मारण्याऐवजी जोड्या मारा. पहिली सर्व्ह, चुकली तर दुसरी, तीही चुकली तर डबल फॉल्ट, गुण गेला. आत पडली तर गुण तुमचा. बाजू बदला, बॉल दोनदा आपटा, श्वास घ्या, पुढचा गुण. असा एक गेम जिंकायचा, मग दुसरा. तीस सर्व्ह अशा मारल्या तर शंभर बेहिशेबी सर्व्हपेक्षा उपयोगी. ज्यांना डबल फॉल्टचा रकाना छळतो त्यांनी महिनाभर पहिली सर्व्ह विसरावी आणि दोन्ही वेळा दुसरीच मारावी: हळू, उंच, फिरकी देऊन.

मार्कर, कोच, सोबती

जिमखान्यातला मार्कर ही आपल्याकडची खास सोय. तासाचे पैसे देऊन तो तुमच्याबरोबर खेळतो. बहुतेक मार्कर हुशार असतात. ग्राहकाला बरं वाटेल असा, कमरेच्या उंचीचा, फोरहँडला बॉल सतत देत राहतात. तासभर तुम्ही चॅम्पियन. त्यांचा दोष नाही, तुम्ही दुसरं काही मागितलंच नव्हतं. सुरुवातीलाच सांगा, ‘दादा, दर तिसरा बॉल बॅकहँडला द्या आणि मधूनच एक लहान टाका.’ शेवटची पंधरा मिनिटं गुण खेळा म्हणावं, आणि त्यांना खरं खेळायला सांगा.

कोचच्या बॅचमध्ये आठ जण एका रांगेत असतील तर तासात तुमच्या वाट्याला किती बॉल आले ते एकदा मोजा. आकडा निराश करतो. तेवढ्याच पैशांत पंधरा दिवसांतून एकदा एकट्याचा तास घेणं आणि मधल्या दिवसांत स्वतः सराव करणं बऱ्याच जणांना परवडतं. त्या तासाला जाताना रकान्यांचा कागद सोबत न्या आणि एकच प्रश्न विचारा. चांगला कोच कागद बघून खूश होतो. पाच सूचना मिळाल्या तर ‘सर, यातली आधी कुठली?’ असं विचारायला हरकत नाही.

आठवडा साधारण असा बसतो. एक तास कुणाबरोबर तरी, मिनी टेनिस आणि क्रॉसकोर्ट. एक तास एकट्यानं, पाऊण तास सर्व्ह आणि पंधरा मिनिटं भिंत. एक तास निव्वळ गुण. तिसरा तास कधीही कापू नका. कापायचाच असेल तर पहिला कापा. गुण खेळताना सेटच हवा असं नाही. प्रत्येक गेम ३०-३० पासून सुरू करा, किंवा एकामागून एक टाय-ब्रेक खेळा. दडपणाचे गुण तेवढ्या वेळात कितीतरी जास्त मिळतात.

कोपर आणि पावसाळा

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं, चहाचा कप उचलताना किंवा पंचा पिळताना कळ आली, तर खेळ थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. पट्टा बांधून मॅच खेळणारे वीर पुढे सहा-सहा महिने घरी बसतात. मनगटानं मारलेला उशिराचा बॅकहँड, कडक स्ट्रिंग, न बसणारी पकड आणि एकदम वाढवलेले तास, ही नेहमीची कारणं. वयाचं निमित्त मात्र लगेच पुढे करू नका. रोहन बोपण्णानं २०२४ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. गुडघ्यातली कूर्चा झिजलेली असताना आपण अय्यंगार योगामुळे खेळत राहिलो, असं तो सांगत आलाय. म्हणजे पुण्यात रुजलेली ती पद्धत मेलबर्नला कामी आली.

पावसाळ्यात मातीची कोर्ट बंद होतात आणि हार्ड कोर्टवर शेवाळ धरतं. ओल्या बॉलनं खेळू नका. तो जड होतो आणि सगळा धक्का हातात येतो. जून ते सप्टेंबर घरात टॉस, आरशासमोर रॅकेटशिवाय हालचाल, दोरीवरच्या उड्या आणि खांद्यासाठी रबर बँडचे व्यायाम. ऑक्टोबरात कोर्ट उघडलं की पहिल्या दिवशी सेट खेळायची हुक्की येते. आठवडाभर मिनी टेनिसपासून चढत या.

दुहेरीत गेलात की रकाने बदला

आपल्याकडे चाळिशीनंतरचं क्लबचं टेनिस बहुतांशी दुहेरीचं असतं, आणि नवशिक्यालाही पाच-सहा महिन्यांत कुणीतरी चौथा म्हणून ओढतंच. कोर्ट दोन्ही बाजूंनी १.३७ मीटरनं रुंद होतं, पण तुमच्या वाट्याला निम्मंच येतं, त्यामुळे धावणं घटतं आणि लांब रॅलीही. सर्व्ह, रिटर्न आणि व्हॉली एवढ्यावर बरेचसे गुण संपतात. म्हणून चार रकान्यांत पाचवा जोडा: नेटवरची चूक. आणि एक छोटी खूण करा, रिटर्न नेटवरच्या माणसाच्या हातात गेला, का तिरका, सर्व्ह करणाऱ्याकडे गेला. बहुतेक नवशिक्यांचा तो नेटवाल्याच्या हातात जातो.

तसं असेल तर आठवड्यातला पहिला तास बदलून टाका. सोबत्यानं सर्व्हिस लाइनवरून हळू सर्व्ह करायची, तुम्ही फक्त तिरका रिटर्न द्यायचा, तोही स्विंग अर्धा ठेवून. नेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या जागी कोर्टवर खुर्ची किंवा किट बॅग ठेवा. वीसपैकी पंधरा तिच्या बाहेरून जाऊ लागले की खुर्ची मधल्या रेषेकडे फूटभर सरकवा.